यवतमाळचे दोन अध्यक्ष

यवतमाळ जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, आणि तेही पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या एकाच घराण्यातून. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक ही नावं जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. याच जिल्ह्याने देशातल्या सर्वांत जुन्या पक्षाला दोन अध्यक्षही दिले, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. वणीत जन्मलेले माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे 1933 मध्ये अखिल भारतीय काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. दारव्ह्याचे माणिकराव ठाकरे 2008 ते 2015 अशी जवळपास सात वर्षं महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते.

मुख्यमंत्र्याचं मोजमाप लोकांना जमतं. धरणं झाली का, रस्ते झाले का, दुष्काळात हाताला काम मिळालं का, हे डोळ्यांना दिसतं. पक्षाध्यक्षाचं काम दिसत नाही. त्यामुळे त्याची पारख करायची वेळ आली की चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीच्या चर्चेपर्यंत दोनच प्रश्न विचारले जातात: किती जागा आणल्या, आणि सभेला गर्दी किती होते. पक्ष चालवायला कोण लायक आहे, हे या दोन प्रश्नांवरून कळत नाही. यवतमाळचाच इतिहास त्याचा पुरावा आहे.

आधी जागांचा हिशेब पाहू. माणिकराव 1985 पासून दारव्ह्याचे आमदार. राज्यमंत्री म्हणून त्यांनी गृहखात्यासह अनेक खाती सांभाळली. 2004 मध्ये शिवसेनेच्या संजय राठोड या तरुण उमेदवाराने त्यांचा पराभव केला. त्यानंतर चार वर्षांनी पक्षाने त्यांना प्रदेशाध्यक्ष केलं. ज्याला स्वतःची जागा राखता आली नाही तो राज्य काय राखणार, ही शंका तेव्हा अगदी स्वाभाविक होती. पण 2009 मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या 17 आणि विधानसभेच्या 82 जागा जिंकल्या आणि राज्यात ती पहिल्या क्रमांकावर राहिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या सातपैकी पाच जागा तिच्याकडे आल्या: वणी, राळेगाव, यवतमाळ, आर्णी आणि उमरखेड. पुसद राष्ट्रवादीकडे, दिग्रस शिवसेनेच्या राठोडांकडे.

पाच वर्षांनी अध्यक्ष तेच होते. 2014 च्या लोकसभेला काँग्रेसला राज्यात दोन जागा मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली. विधानसभेला 42. आणि प्रदेशाध्यक्षांच्या स्वतःच्या जिल्ह्यात सातपैकी एकही नाही.

मग माणिकराव 2009 मध्ये लायक होते आणि 2014 मध्ये नालायक झाले, असं म्हणायचं का? अलीकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. नाना पटोले प्रदेशाध्यक्ष असताना 2024 च्या उन्हाळ्यात काँग्रेसने लोकसभेच्या 13 जागा जिंकल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला ती 16 वर आली. माणूस तोच, कार्यकर्ते तेच, मधे जेमतेम सहा महिने. जागांचा आकडा वारं कुठल्या दिशेचं होतं ते सांगतो. त्या वाऱ्यात अध्यक्षाने काय केलं, ते त्या आकड्यात सापडत नाही. ते शोधायला निवडणुकीच्या आधीच्या दिवसांत डोकवावं लागतं.

त्या दिवसांतलं सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र म्हणजे एबी फॉर्म. सामान्य मतदाराने तो क्वचितच पाहिलेला असतो, पण कार्यकर्त्यांच्या बोलण्यात दर निवडणुकीला त्याचंच नाव असतं. ‘ए’ नमुन्यात पक्ष निवडणूक अधिकाऱ्यांना कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे. ‘बी’ नमुन्यात तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव लिहितो, आणि मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर पर्याय म्हणून दुसरं नावही लिहितो. सही शाईची लागते. शिक्का किंवा छायाप्रत चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे दोन्ही कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले नाहीत, तर आयुष्यभर पक्षाचं काम केलेला माणूसही अपक्ष ठरतो. म्हणूनच त्या दुपारी तहसील कार्यालयाबाहेर गाड्यांची रांग लागते, फोन घणघणतात, आणि दोन वाजून गेल्यावर कुणाची तरी गाडी धूळ उडवत आत शिरते. कुणाला तिकीट आणि कुणाला ठेंगा, ते एबी फॉर्मच्या पाकिटातून बाहेर येतं.

2014 मध्ये या पाकिटांची कसोटी अभूतपूर्व होती. 25 सप्टेंबरला एकाच संध्याकाळी भाजप-शिवसेना युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही तुटली. अर्ज भरायची मुदत 27 तारखेला संपत होती. चारही मोठ्या पक्षांना दोन दिवसांत जवळपास प्रत्येक मतदारसंघात उमेदवार उभा करायचा होता. वर्षानुवर्षं मित्रपक्षाला सोडलेल्या जागांवर तर कार्यकर्तेच उरलेले नव्हते. जागावाटपात दुसऱ्याला दिलेल्या तालुक्यातही आपली माणसं टिकवून ठेवलेली होती की नाही, हे अशा वेळी उघडं पडतं. या कामाचा कधी फोटो छापून येत नाही, त्याचा समारंभही होत नाही. अध्यक्षाची खरी मेहनत मात्र तिथेच असते.

तिकीटवाटपात अध्यक्षाची आणखी एक पारख होते, आणि ती जास्त अवघड आहे. यवतमाळचे काँग्रेस आमदार नीलेश पारवेकर यांचं 2013 च्या सुरुवातीला अपघाती निधन झालं. पोटनिवडणुकीत नंदिनी पारवेकर यांनी ती जागा पक्षासाठी राखली. दीड वर्षाच्या आत आलेल्या सार्वत्रिक निवडणुकीत या मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार होते प्रदेशाध्यक्षांचे चिरंजीव राहुल ठाकरे. भाजपचे मदन येरावार निवडून आले. नेत्याच्या मुलाने निवडणूक लढवू नये असा काही नियम नाही, आणि हा प्रकार कुठल्याच पक्षाला परका नाही. पण शेकडो इच्छुकांना ‘यावेळी थांबा’ असं सांगणं हे ज्याचं काम आहे, त्याच्या घरातलाच कुणी थांबत नाही, हे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बरोबर लक्षात ठेवतो. त्यानंतर त्याला थांबायला सांगणाऱ्याचा शब्द हलका होतो. त्या वर्षी देशभरच काँग्रेसविरोधी लाट होती हे मान्य करूनही, माणिकरावांच्या कारकिर्दीतला हा निर्णय चुकला असंच म्हणावं लागतं.

आता गर्दीचा प्रश्न. यवतमाळ जिल्ह्याने गेल्या दोन दशकांत राष्ट्रीय नेते जितके जवळून पाहिले तितके फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिले असतील, आणि त्याचं कारण दुःखाचं आहे. कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा देशाच्या नकाशावर आला. 2008 मध्ये राहुल गांधी जळका गावी आले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला भेटले, आणि त्याच वर्षी जुलैत अणुकराराच्या चर्चेत त्यांनी तिचा उल्लेख लोकसभेत केला. 20 मार्च 2014 ला नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला आले आणि ‘चाय पे चर्चा’मध्ये शेतकऱ्यांशी बोलले. दोन्ही भेटी देशभर गाजल्या. त्या-त्या वेळी या दोघांपैकी कुणीही आपल्या पक्षाचा अध्यक्ष नव्हता. राहुल गांधी सरचिटणीस होते, मोदी पंतप्रधानपदाचे उमेदवार होते आणि पक्षाध्यक्ष होते राजनाथ सिंह.

प्रचाराचा चेहरा आणि पक्षाचा अध्यक्ष ही दोन वेगळी कामं आहेत. चेहऱ्याने गावात येऊन लोकांचं मन जिंकायचं असतं. तो निघून गेल्यावर त्या गावाचं काय करायचं, हे अध्यक्षाच्या माणसांनी बघायचं असतं. बोंडअळी आली, बियाणं बोगस निघालं, विम्याचे पैसे अडले की शेतकरी कुणाकडे जातो? 2017 च्या खरिपात कापसावर फवारणी करताना जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. नेत्यांच्या गाड्यांचे ताफे आले, वार्डात फोटो निघाले. पण एखाद्या पक्षाचा तालुकाध्यक्ष फवारणीच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये, कृषी सहायकाला बरोबर घेऊन गावात हातमोजे आणि मास्क वाटत फिरत असेल, तर त्या पक्षाचा अध्यक्ष काहीतरी बरोबर करतो आहे असं समजायला हरकत नाही. अध्यक्षाची पारख दिल्ली-मुंबईपेक्षा मारेगाव-झरीत चांगली होते.

इथून जवळच, नागपुरात, याचा एक वेगळा दाखला आहे. डिसेंबर 2009 मध्ये भाजपने नितीन गडकरी यांना राष्ट्रीय अध्यक्ष केलं तेव्हा ते विधान परिषदेवर होते. लोकांतून थेट निवडून ते पहिल्यांदा 2014 मध्ये लोकसभेवर गेले. संघटनेत वर चढण्याची वाट आणि मतपेटीतून वर चढण्याची वाट एकच असली पाहिजे असं नाही, हे भाजपने त्या निवडीत मान्य केलं होतं. उलट वसंतराव नाईक 5 डिसेंबर 1963 पासून 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत मुख्यमंत्री राहिले, आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण त्या सगळ्या काळात राज्यातली काँग्रेस चालत होती यशवंतराव चव्हाणांच्या शब्दावर. काही वर्षं वसंतदादा पाटील प्रदेशाध्यक्ष होते. नाईकांनी पक्षावर कब्जा करायचा प्रयत्न केला नाही. इंदिरा गांधींनी पायउतार व्हायला सांगितलं तेव्हा ते आमदारांचा गट घेऊन वेगळे झाले नाहीत, आणि 1977 मध्ये देशभर काँग्रेसची धूळधाण उडत असताना वाशीममधून लोकसभेवर निवडून आले. उत्तम राज्यकर्ता असणं आणि पक्षाचा धनी असणं यांतला फरक त्यांना नेमका कळलेला होता.

आणि आता बापूजी अणे. पक्ष चालवण्याची लायकी म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्यातली 1930 ते 1934 ही वर्षं वाचावीत. महाराष्ट्रात ती पुरेशी वाचली गेलेली नाहीत. यवतमाळच्या महिला महाविद्यालयाच्या नावात ‘लोकनायक बापूजी अणे’ आहेत, तेवढ्यावरच बहुतेकांची ओळख संपते.

बापूजींचा जन्म 29 ऑगस्ट 1880 चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी, कलकत्त्याहून कायद्याची परीक्षा आणि मग यवतमाळला वकिली. टिळकांचे ते निष्ठावंत. ‘लोकमत’ हे नाव घेऊन यवतमाळहून साप्ताहिक सुरू केलं ते त्यांनीच; जवाहरलाल दर्डांनी ते पुढे नव्याने उभं केलं. 1920 मध्ये टिळक गेले आणि गांधीजींचं असहकाराचं राजकारण आलं. कायदेमंडळांवर बहिष्कार टाकणं बापूजींना पटलेलं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. तरीही 1921 पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. 1926 मध्ये न. चिं. केळकर, जयकर आणि डॉ. मुंजे यांच्याबरोबर त्यांनी प्रतिसहकार पक्षाचा रस्ता धरला. 1928 च्या नेहरू समितीत मोतीलाल नेहरू, सप्रू आणि सुभाषचंद्र बोस यांच्या शेजारी वऱ्हाडातला हा वकील बसलेला होता.

1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. विदर्भाला समुद्र नाही. मीठ कुठून उचलणार? पण राखीव जंगलं होती, गुरांच्या चाऱ्यावर बंधनं होती, आणि गवताच्या पेंढीवरून वनखात्याशी रोज खटके उडत होते. कायदेमंडळाचं समर्थन करत आलेल्या बापूजींनी मध्यवर्ती कायदेमंडळाची जागा सोडली आणि 10 जुलै 1930 रोजी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली. जिल्ह्यात जंगल सत्याग्रहाचं लोण पसरलं. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. पक्षाचा निर्णय आपल्या मताविरुद्ध झाला की नेता दोनपैकी एक करतो: घरी बसतो, नाहीतर वर वर हो म्हणून आतून खोडा घालतो. बापूजींनी तिसरं केलं. पक्षाचा कार्यक्रम आपल्या जिल्ह्याला लागू पडेल अशा रूपात उचलला आणि स्वतः पुढे झाले. मिठाच्या जागी गवत आणणं ही संघटकाची बुद्धी आहे.

जानेवारी 1932 मध्ये सरकारने काँग्रेस बेकायदा ठरवली. एकेक अध्यक्ष तुरुंगात जायचा आणि जाताना पुढच्याचं नाव सांगून जायचा. एप्रिल 1933 च्या कलकत्ता अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष मदनमोहन मालवीय यांना वाटेतच पकडलं आणि अधिवेशन नेली सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली पोलिसांच्या लाठ्यांत पार पडलं. अशा वेळी हंगामी अध्यक्षपद बापूजींकडे होतं. कार्यालयं सरकारच्या ताब्यात, निधी गोठलेला, हजारो कार्यकर्ते तुरुंगात. सभा घेणं हाच गुन्हा. या पदात मिरवण्यासारखं काहीच नव्हतं.

8 मे 1933 ला गांधीजींनी अस्पृश्यता निवारणासाठी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकारने त्यांना येरवड्यातून सोडलं. गांधीजींनी सुचवलं की कायदेभंगाची चळवळ महिनाभर ते सहा आठवडे थांबवावी. सुचवणारे गांधीजी होते, पण निर्णय अध्यक्षाच्या सहीने व्हायचा होता. दुसऱ्याच दिवशी बापूजींनी सहा आठवड्यांची स्थगिती जाहीर केली आणि पुढे ती जुलैअखेरपर्यंत वाढवली. सरकारने बदल्यात काहीच दिलं नाही. कैदीही सोडले नाहीत. टीकेची झोड उठली. व्हिएन्नाहून सुभाषचंद्र बोस आणि विठ्ठलभाई पटेल यांनी पत्रक काढून गांधीजी राजकीय नेते म्हणून अयशस्वी ठरल्याचं सांगून टाकलं. पण जाहीरनाम्याखाली नाव अणे यांचं होतं, आणि ते नाव त्यांनी मागे घेतलं नाही.

जुलैत पुण्याला त्यांनी देशभरच्या कार्यकर्त्यांची बैठक बोलावली आणि स्वतः अध्यक्षस्थानी बसले. चळवळ बिनशर्त मागे घ्यायला बैठकीने नकार दिला, आणि गांधीजींनी व्हाइसरॉय विलिंग्डन यांची भेट मागावी असं ठरलं. विलिंग्डन यांनी भेटच नाकारली. त्यानंतर बापूजींनी हंगामी अध्यक्ष या नात्याने आदेश काढला: सामुदायिक कायदेभंग बंद, ज्याची तयारी असेल त्याने वैयक्तिक सत्याग्रह करावा, गुप्त पद्धती सोडून द्याव्यात, आणि काँग्रेसच्या समित्यांनी तूर्त काम थांबवावं.

या आदेशातला शेवटचा भाग आजही खटकतो. समित्याच बंद केल्यावर खेड्यातल्या कार्यकर्त्याने कुणाकडे बघायचं? जो सत्याग्रहाला तयार नाही, पण पक्षाचा आहे, त्याला काय काम उरलं? ही टीका तेव्हाही झाली आणि ती योग्य होती. पुढच्या वर्षी काँग्रेसला समित्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्याच. पण आदेश काढणाऱ्याने स्वतःसाठी सवलत ठेवली नाही, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. ऑगस्टमध्ये बापूजी स्वतः वैयक्तिक सत्याग्रहाला निघाले आणि पुन्हा तुरुंगात गेले.

1934 मध्ये त्यांची सर्वांत कठीण परीक्षा झाली. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने ठरवलं की तो स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही. बापूजी आणि मालवीय यांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी पदं सोडली, आपली बाजू उघड मांडली, ऑगस्ट 1934 मध्ये कलकत्त्याला काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत आपल्याच जुन्या पक्षासमोर उमेदवार उभे केले. बापूजी वऱ्हाडातून निवडून आले आणि कायदेमंडळात या छोट्या गटाचे नेते झाले. पुढे सरकारविरुद्धच्या बहुतेक मतदानांत हा गट काँग्रेसच्याच बाजूने उभा राहायचा. मतभेद एका मुद्द्यावर होता, तेवढ्याच मुद्द्यावर राहिला.

पक्ष म्हणून मात्र तो फार वाढला नाही. एका निर्णयाच्या विरोधातून जन्मलेल्या पक्षाला त्या निर्णयापलीकडचा कार्यक्रम लागतो, गावोगावची माणसं लागतात. ती बांधणी झाली नाही. म्हणजे बंदीच्या काळात मोठा पक्ष जपणारा हा माणूस नवा पक्ष रुजवण्यात कमी पडला. पक्षाध्यक्ष चांगला की वाईट असं ढोबळपणे विचारण्यापेक्षा, पक्ष आत्ता कुठल्या अवस्थेत आहे आणि त्या अवस्थेला कसा माणूस हवा, हे आधी विचारलं पाहिजे.

बापूजींच्या पुढच्या आयुष्यात एक डागही आहे. 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. 1942 च्या ऑगस्टनंतर चिमूरला लोकांवर अत्याचार झाले तेव्हा ते त्या मंडळातच होते, आणि चौकशीसाठी प्रा. भणसाळी दिल्लीत त्यांच्याच दारी उपोषणाला बसले. विदर्भाच्या या माणसाकडून विदर्भाने जास्त अपेक्षा केली होती. फेब्रुवारी 1943 मध्ये आगाखान पॅलेसमधल्या गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर राजीनामा दिला. तो द्यायला त्यांनी उशीर केला, असं म्हणणाऱ्यांना खोडून काढणं कठीण आहे.

बापूजींचा हा सगळा वृत्तांत डोळ्यांसमोर ठेवून आजच्या जिल्ह्याकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. दिग्रसचे संजय राठोड आणि खासदार भावना गवळी एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. पुढच्या वर्षी राष्ट्रवादी फुटली आणि पुसदचे इंद्रनील नाईक अजित पवारांच्या बाजूला राहिले. कोण बरोबर आणि कोण चूक, यावर जिल्ह्यात घराघरांत वाद झाले. पण 1934 मध्ये बापूजींनी वेगळं नाव घेतलं आणि मतदारासमोर गेले. इथे भांडण मूळ नाव आणि चिन्ह कुणाचं यावरच होतं, आणि मतदाराचा कौल मागण्याआधी ते निवडणूक आयोगाकडे गेलं.

आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 ला ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिला. निकाल आमदार-खासदारांच्या संख्येवर ठरला. असं का, याचं आयोगाने दिलेलं कारण प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याने वाचण्यासारखं आहे. पक्षाची 2018 ची घटना आयोगाच्या दप्तरी नव्हती, आणि पक्षांतर्गत नेमणुका निवडणुकीने न होता वरून होत असल्याने संघटनेतल्या बहुमताची कसोटी विश्वासाने लावता येत नाही, असं आयोगाने म्हटलं. पक्षप्रमुखाला सर्वाधिकार देऊन ठेवले की पक्ष त्याच्या मुठीत सुरक्षित राहतो, अशी समजूत सगळीकडे आहे. वेळ आली तेव्हा त्याच सर्वाधिकारांमुळे संघटनेचा आवाज मोजलाच गेला नाही. पक्षप्रमुखाने शाखाप्रमुखांपासून वरपर्यंत खऱ्या निवडणुका घेतल्या असत्या आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या असत्या, तरी निकाल कदाचित वेगळा लागला नसता. पण निदान कार्यकर्त्याचं मत मोजायला काहीतरी हाती असतं.

काँग्रेसमध्ये तरी वेगळं काय आहे? ऑक्टोबर 2022 मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मतं मिळाली, आणि दोन दशकांनंतर अध्यक्षपदाची खरी लढत झाली, ही चांगली गोष्ट होती. पण प्रदेशाध्यक्ष आजही दिल्लीहून नेमला जातो. माणिकराव असेच नेमले गेले, अशोक चव्हाण, बाळासाहेब थोरात, नाना पटोले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये हर्षवर्धन सपकाळही असेच. ज्याला दिल्ली नेमते तो दिल्लीकडे बघतो, यात माणसाचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त. अर्थात नुसतं मतदान घेतलं की सगळं साधतं असंही नाही. ब्रिटनमध्ये 2022 साली हुजूर पक्षाच्या खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक होते, सामान्य सदस्यांनी लिझ ट्रस यांना निवडलं, आणि 49 दिवसांत त्यांना पंतप्रधानपद सोडावं लागलं. सभागृहातले सहकारी आणि बाहेरचे कार्यकर्ते, दोघांचाही विश्वास असल्याशिवाय नेत्याचा निभाव लागत नाही.

माणिकरावांच्या बाबतीत मात्र एक पान अजून उलटायचं राहिलं आहे. 2019 मध्ये यवतमाळ-वाशीममधून लोकसभेला ते भावना गवळींकडून हरले. जानेवारी 2023 मध्ये पक्षाने त्यांना तेलंगणाचे प्रभारी केलं. तिथे जुने काँग्रेसवाले आणि तेलुगू देसममधून आलेले रेवंत रेड्डी यांच्यात धुसफूस टोकाला गेली होती. नेते एकमेकांच्या बैठकांना जात नव्हते. वर्षभर माणिकराव या गटातून त्या गटाकडे जात राहिले. डिसेंबर 2023 मध्ये काँग्रेसने 119 पैकी 64 जागा जिंकून तिथे सरकार आणलं. विजयाचे मानकरी अनेक होते, पण भांडणारी माणसं एका मंचावर टिकली यात प्रभाऱ्याचा वाटा नाकारता येणार नाही. महाराष्ट्रात विलासराव देशमुख, अशोक चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण अशा तीन मुख्यमंत्र्यांबरोबर त्यांनी सात वर्षं पद निभावलं, त्यामागेही हीच आवाज न चढवता सांधण्याची हातोटी होती. तेलंगणाच्या विजयानंतर पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, ते दिग्रसला उभे राहिले आणि वीस वर्षांनी पुन्हा एकदा संजय राठोड यांच्याकडून हरले. घरच्या मैदानावर हरणारा आणि परक्या राज्यात पक्ष सांधणारा, असा हा एकच माणूस आहे.

जर्मनीत पक्षांसाठी 1967 पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यानुसार पक्षाच्या कार्यकारिणीची निवडणूक किमान दर दोन वर्षांनी घ्यावीच लागते. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या ‘29 अ’ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, पण अंतर्गत निवडणूक घेतली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याची सोय त्यात नाही. विधी आयोगाने 1999 च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करायची शिफारस केली होती. तो कायदा अजून झालेला नाही. तोवर काम कार्यकर्त्यावर आणि मतदारावरच येतं. मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. आपल्या पक्षाची घटना उघडून अध्यक्षाला कोण निवडतो, किती वर्षांसाठी, आणि त्याला हटवायचं असेल तर कुणी, किती मतांनी, ही तीन कलमं वणीच्या किंवा उमरखेडच्या तालुका बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायला कुणाचीच परवानगी लागत नाही.